ओएसपीएफचे नेबर फुल, तरी रूट येतात-जातात: डेटाबेसच्या एंट्री वाचून कारण कसं शोधायचं

पिंग चालू, पिंग बंद, परत चालू. ओएसपीएफ (राउटरांनी आपापसात माहिती वाटून रस्ते ठरवायची पद्धत) चालवणाऱ्या राउटरवर नेबर म्हणजे शेजारचे राउटर बघावेत तर सगळे फुल, म्हणजे पूर्ण जुळलेले, लॉगमध्ये अ‍ॅडजसन्सी (म्हणजे शेजाऱ्याशी जोडणी) तुटल्याची एक ओळ नाही, तरी राउटिंग टेबलमधून एक नेटवर्क गायब होतं आणि थोड्या वेळानं आपोआप परत येतं. सोलापुरात कारखाने, गोदामं, दुकानं जोडलेल्या नेटवर्कवर ही तक्रार सारखी येते आणि दरवेळी तेच होतं, आधी केबलवर संशय, मग क्रिम्पिंग परत, मग पॅच कॉर्ड बदल, मग रेडिओवाल्याला टॉवरवर चढवा, मग एसएफपी (फायबर लावायचा मॉड्यूल) बदला, आणि शेवटी सगळे राउटर रिस्टार्ट. रिस्टार्टनंतर जरा वेळ बरं वाटतं, मग परत सुरू. मे महिन्यात सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको, त्या उन्हात माणसाला उगाच टॉवरवर चढवण्याआधी पाच मिनिटं डेटाबेस वाचा एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे, कारण ह्या प्रॉब्लेमचं उत्तर बहुतेक वेळा तिथं सरळ लिहिलेलं असतं, फक्त ते वाचायची सवय आपल्याकडं कुणी लावत नाही.

एक खरं उदाहरण घेतो, आयपी बदललेत, बाकी मांडणी तीच आहे. चादरी-टॉवेलचा धंदा. ऑफिस नवी पेठेत, राउटर आयडी (ओएसपीएफमधलं राउटरचं नाव, आयपीसारखं लिहितात) १०.०.०.१. बाळ्याला गोदाम, १०.०.०.२. होटगी रोडला दुसरं गोदाम, १०.०.०.३. चिंचोळी एमआयडीसीत कारखाना, १०.०.०.४, तो बाळ्याच्या मागं जोडलेला. अक्कलकोट रोडला युनिट, १०.०.०.५, ते थेट ऑफिसला. आणि नंतर जुळे सोलापूरला नवीन दुकान उघडलं, ते होटगी रोडच्या मागं रेडिओनं जोडलं. सगळं एकाच एरियात (राउटरांच्या एका गटात) म्हणजे एरिया शून्यमध्ये, सगळ्या लिंक पॉइंट टू पॉइंट, म्हणजे एका लिंकवर दोनच राउटर. दुकान चालू झाल्यापासून चिंचोळीच्या कारखान्याचं ईआरपी (हिशोब-स्टॉकचं सॉफ्टवेअर) मधेच अडकायचं, बिलिंग थांबायचं, आणि दुकानातले लोक वेगळीच तक्रार करायचे की आमचं इंटरनेट जातंय. दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या माणसांकडं जात होत्या म्हणून कुणी त्या एकत्र ठेवून बघितल्या नव्हत्या. चिंचोळी शहराच्या एका टोकाला, जुळे सोलापूर दुसऱ्या टोकाला, ह्यांचा एकमेकांशी काय संबंध असं कुणालाही वाटणारच.

आता डेटाबेसकडं येऊ.

राउटिंग टेबल हा निकाल आहे, डेटाबेस हा पुरावा आहे, हे आधी डोक्यात बसवा. लिंक स्टेट प्रोटोकॉलमध्ये कुठलाच राउटर दुसऱ्याला "ह्या नेटवर्कला माझ्याकडून असा रस्ता आहे" असं सांगत नाही (एकाच एरियातलं बोलतोय). तो फक्त स्वतःबद्दल बोलतो: मी अमुक, मला एवढ्या लिंक, प्रत्येकीची कॉस्ट (रस्त्याची किंमत, कमी तेवढी चांगली) एवढी. ह्या निवेदनाला एलएसए म्हणायचं. गल्लीतल्या प्रत्येकानं फक्त आपल्या दारासमोर काय आहे तेवढंच चिठ्ठीवर लिहायचं, सगळ्या चिठ्ठ्या जशाच्या तशा घरोघरी फिरवायच्या आणि मग ज्यानं त्यानं आपापला नकाशा काढायचा, असा हा कारभार. नकाशा काढायचं गणित डाइक्स्ट्राचं, १९५९ साली छापलेलं. आणि ओएसपीएफ व्हर्जन दोनचे जे नियम आज आपण वापरतो ते जॉन मॉय यांनी लिहिलेल्या आरएफसी २३२८ ह्या नियमपत्रातले, एप्रिल १९९८ चे. सांगायचा मुद्दा असा की एका एरियातल्या सगळ्या राउटरकडं सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच असायला पाहिजेत. एक चिठ्ठी खोटी, जुनी किंवा दोघांच्या नावावर असली की सगळ्यांचे नकाशे एकदम बिघडतात, आणि बिघाड जिथं दिसतो तिथं तो असेलच असं नाही.

सिस्कोवर शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस मारा, मायक्रोटिकवर राउटिंग ओएसपीएफ एलएसए प्रिंट. बाकी कंपन्यांत नाव थोडं इकडंतिकडं, पण बहुतेक कॉलम तेच. नवी पेठेतल्या राउटरवर राउटर एलएसएचा भाग साधारण असा दिसत होता:

लिंक आयडी / जाहिरात करणारा राउटर / एज / सिक्वेन्स / लिंक काउंट
१०.०.०.१ / १०.०.०.१ / ८१२ / ८००००१३१ / ८
१०.०.०.२ / १०.०.०.२ / १४०३ / ८०००००९७ / ६
१०.०.०.३ / १०.०.०.३ / २६६ / ८०००००५४ / ६
१०.०.०.४ / १०.०.०.४ / ३ / ८०००४१२७ / ४
१०.०.०.५ / १०.०.०.५ / १११९ / ८०००००८८ / ४

पुढं वाचायच्या आधी ही यादी स्वतः जरा नीट बघा. चौथी ओळ.

एज म्हणजे ही एंट्री तयार होऊन किती सेकंद झाले. दर सेकंदाला एकनं वाढतं, ३६०० ला पोचलं की एंट्री मेली. म्हणून मालक राउटर दर १८०० सेकंदांनी, म्हणजे अर्ध्या तासानं, तीच एंट्री नवीन करून परत पाठवतो, काही बदललेलं नसलं तरी. म्हणजे शांत नेटवर्कवर एज शून्य ते १८०० च्या मधे कुठंही दिसणार, वेगवेगळ्या ओळींत वेगवेगळं, आणि ते चांगलं लक्षण आहे. सिस्कोवर १८०० च्या थोडं वर दिसलं तरी घाबरू नका, तो रिफ्रेश गटागटानं करतो, ग्रुप पेसिंग डिफॉल्ट २४० सेकंद आहे. दोन राउटरवर एकाच एंट्रीच्या एजमध्ये थोडा फरक असतो तोही चालतो, वाटेत प्रत्येक राउटर पुढं पाठवताना एजमध्ये साधारण एक सेकंद मिळवतो.

सिक्वेन्स म्हणजे ह्या चिठ्ठीची कितवी आवृत्ती. हेक्समध्ये (सोळाच्या पटीतली मोजणी) ८००००००१ पासून सुरू होतो. अर्ध्या तासाला एक म्हणजे दिवसाला ४८, म्हणजे कालपासून शांतपणे चालू असलेल्या राउटरचा नंबर ८०००००३१ च्या आसपास असायला पाहिजे (हेक्स आहे, ३१ म्हणजे आपले ४९). आता चौथ्या ओळीतला ४१२७ बघा, दशमानात ते १६६७९ होतात. अर्ध्या तासाला एक ह्या हिशोबानं तिथं पोचायला जवळजवळ वर्ष लागलं असतं, आणि त्याच वेळी चालू झालेल्या बाकीच्यांचे नंबर दशमानात ८४ ते ३०५ च्या मधे आहेत. म्हणजे कुणीतरी ही एंट्री वेड लागल्यासारखी परत परत लिहितंय. एज ३ आहे त्यावरून पण तेच कळतं.

ही कमांड एकदा मारून थांबू नका, हे मी जोर देऊन सांगतो. दहा-पंधरा सेकंद थांबून परत मारा, परत मारा. एका फोटोत काही कळत नाही, हालचाल बघायची असते. इथं परत मारल्यावर चौथ्या ओळीचं एज परत २-४ च्या आसपास, सिक्वेन्स पुढं गेलेला, आणि लिंक काउंट ४ च्या जागी ६. परत मारलं, ४. परत ६. बाकीच्या ओळी जागच्या जागी, फक्त एज वाढतंय.

आता लिंक काउंट. हा आकडा म्हणजे त्या राउटरच्या एलएसएमध्ये किती ओळी आहेत, इंटरफेस किती आहेत ते नाही. आयपी लावलेली एक पॉइंट टू पॉइंट लिंक दोन ओळी देते: एक समोरच्या राउटरशी जोडणी, दुसरी त्या लिंकचा सबनेट, ज्याला स्टब म्हणतात. लॅन आणि लूपबॅक (राउटरच्या आतला, कुठल्याच पोर्टला न बांधलेला आयपी) एकेक ओळ. चिंचोळीचा राउटर: बाळ्याची लिंक २, लूपबॅक १, कारखान्यातले तीन व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगवेगळे लॅन) ३, एकूण ६. बरोबर. मग ४ कुणाचे? एक लिंक २, लूपबॅक १, एक लॅन १, असं सरळ साधं सेटअप कुणाचं? दुकानाचं.

आणि अजून एक गोष्ट, जी सगळ्यात आधी दिसायला पाहिजे पण दिसत नाही कारण आपण आहे ते वाचतो, नसलेलं वाचत नाही. राउटर सहा आहेत, एंट्री पाच. मोजा. नवी पेठ, बाळे, होटगी रोड, चिंचोळी, अक्कलकोट रोड, जुळे सोलापूर. सहावी एंट्री नाहीच. दुकानाचा राउटर चालू आहे, होटगी रोडशी त्याचा नेबर फुल आहे, मग त्याची चिठ्ठी कुठं गेली? ती चौथ्या ओळीत आहे, चिंचोळीच्या नावावर.

कारण काय झालं होतं, दुकानाला नवीन राउटर बसवणाऱ्यानं चिंचोळीच्या राउटरचा बॅकअप त्यावर रिस्टोर केला, मग लिंकचे आयपी बदलले, लॅनचा आयपी बदलला, वायफायचं नाव बदललं, टेस्ट केली, चाललं, निघून गेला. लूपबॅक आणि राउटर आयडी तसाच १०.०.०.४ राहिला. वेळ वाचवायला हे सगळेच करतात, पद्धत वाईट नाही, फक्त ती एक ओळ राहून जाते.

मग आत नेमकं काय चालतं ते समजून घ्या, कारण हे समजलं की पुढच्या वेळी नुसती लक्षणं ऐकूनच कळेल. राउटर एलएसएची ओळख तीन गोष्टींनी ठरते: टाइप, लिंक स्टेट आयडी, जाहिरात करणारा राउटर. दोघांचा राउटर आयडी एक, म्हणून दोघांची एंट्री नेटवर्कच्या दृष्टीनं एकच. चिंचोळीनं आपली आवृत्ती पाठवली, ती फिरत फिरत दुकानापर्यंत गेली. दुकानाचा राउटर बघतो, अरे ही तर माझ्या नावाची एंट्री, पण मी काही ही पाठवली नाही, आणि माझ्यापेक्षा नवीन दिसतेय. नियम असा की स्वतःच्या नावाची आपल्यापेक्षा नवीन एंट्री बाहेरून आली तर तिच्या पुढचा सिक्वेन्स नंबर घेऊन आपली खरी माहिती परत पाठवायची. हा नियम चांगल्यासाठी आहे, राउटर रिस्टार्ट झाल्यावर स्वतःच्या जुन्या एंट्रीवर मात करायला. पण इथं दोन मालक आहेत. दुकानानं पाठवलं, ते चिंचोळीला पोचलं, त्यानंही तेच केलं. असं चालूच. आरएफसीप्रमाणे एकच एंट्री ५ सेकंदांच्या आत परत बनवायची नसते, म्हणून हे भांडण त्या वेगानं चालतं. ५ सेकंदाला एक धरलं तर तासाला ७२०. वरचा १६६७९ आकडा म्हणजे साधारण एका दिवसाचं काम. (नंबर संपतील का अशी भीती काढून टाका, ३२ बिटचा नंबर आहे, ह्या वेगानंसुद्धा साडेसहाशे वर्षांच्या वर लागतील.)

आणि रूट का जातात? नकाशा काढताना प्रत्येक जोडणी दोन्ही बाजूंनी कबूल केलेली लागते. बाळे म्हणतं मी १०.०.०.४ ला जोडलेला. पण त्या क्षणी डेटाबेसमध्ये दुकानाची आवृत्ती असेल तर १०.०.०.४ म्हणतो मी फक्त होटगी रोडला जोडलेला, बाळ्याला ओळखत नाही. जोडणी रद्द, कारखान्याचे तिन्ही व्हीलॅन टेबलमधून बाहेर. पाच सेकंदांनी चिंचोळीची आवृत्ती आली की कारखाना परत दिसतो आणि दुकान गायब. म्हणजे दोन्ही कधीच एकत्र चालत नव्हते! दोन तक्रारींच्या वेळा कुणी एका कागदावर लिहिल्या असत्या तर डेटाबेस न उघडताच कळलं असतं. नेबर मात्र पूर्ण वेळ फुल राहतात, कारण हॅलो (मी आहे असं कळवणारी पॅकेट) फक्त शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जातात आणि हे दोघे एकमेकांचे शेजारी नाहीत. शेजारी असते तर अ‍ॅडजसन्सीच झाली नसती आणि बसवणाऱ्याला तिथंच कळलं असतं. मधे दोन-तीन राउटर असले की हा प्रकार लपतो.

सिस्कोवर शो लॉगिंगमध्ये ड्युप्लिकेट राउटर आयडीचा किंवा फ्लड वॉरचा (एकाच एंट्रीवरून चाललेल्या भांडणाचा) मेसेज मिळू शकतो, तेवढा एक बघून घ्या, पण फ्लड वॉर म्हटलं की राउटर आयडीच असेल असं नाही, टाइप २ एंट्रीसाठी (अनेक राउटर असलेल्या नेटवर्कची चिठ्ठी) आला असेल तर दोन जागी एकच आयपी लागलाय का ते बघा, कारण टाइप २ चा लिंक आयडी म्हणजे डीआर (त्या नेटवर्कवर निवडलेल्या मुख्य) राउटरचा इंटरफेस आयपी.

दुरुस्ती करताना घाई करू नका. राउटर आयडी बदलल्याशिवाय पर्याय नाही, आणि सिस्कोवर नुसती ओळ बदलून चालत नाही, क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस मारावं लागतं किंवा रीलोड, तोपर्यंत जुनाच आयडी चालतो. ह्यात त्या राउटरचे सगळे नेबर एकदा तुटून परत जुळतात. म्हणून एक, चुकीचा राउटर कुठला ते आधी ठरवा (इथं दुकानाचा), दोन्ही बदलायची गरज नाही. दोन, शक्यतो तिथं जाऊन कन्सोल लावून करा, लांबून करायचं तर थेट जोडलेल्या शेजारी राउटरवरून त्या राउटरच्या लिंक आयपीवर लॉगिन व्हा, लूपबॅकवर नाही, कारण लूपबॅकचा आयपीच दोन जागी आहे आणि तुम्ही नेमक्या कुठल्या राउटरवर उतरलाय ह्याची खात्री नाही. हे शेवटचं लई महत्त्वाचं आहे, ह्यात चुकलं तर कारखान्याच्या राउटरची प्रोसेस क्लिअर होऊन बसते. तीन, लूपबॅक आणि राउटर आयडी दोन्ही बदला. इथं १०.०.०.६ दिला, प्रोसेस क्लिअर केली, आणि नवी पेठेत बघितलं तर सहा ओळी, चौथीचं एज एकसारखं वाढायला लागलं, लिंक काउंट ६ वर थांबला. सिक्वेन्स तसाच मोठा राहिला, तो मागं येत नाही, त्याची काळजी नको.

आता हेच वाचन दुसऱ्या आजारांत कसं दिसतं ते पण सांगतो, कारण प्रत्येक येणं-जाणं म्हणजे ड्युप्लिकेट आयडी नाही.

लिंक खरंच तुटत-जुळत असेल तर दोन ओळी एकत्र हलतात, दोन्ही टोकांच्या. होटगी रोड आणि दुकान ह्यांच्यातला रेडिओ फडफडला तर १०.०.०.३ आणि १०.०.०.६ दोघांचं एज एकदम लहान होतं, दोघांचा सिक्वेन्स वाढतो. एकटी ओळ हलत असेल तर वेगळा विचार करा, दोन हलत असतील तर त्यांच्या मधली लिंक धरा. आणि किती ओळी कमी झाल्या त्यावरून तर फार छान कळतं. पोर्टच डाऊन झाला, फायबर तुटली, एसएफपी गेला, तर जोडणी आणि स्टब दोन्ही जातात, काउंट २ नं कमी. पण राउटरच्या पोर्टला रेडिओ लावलेला असेल आणि हवेतली लिंक तुटली असेल तर पोर्ट अप राहतो, कारण पोर्टला रेडिओचा डबा दिसतोच, मग फक्त नेबर जातो आणि स्टब राहतो, काउंट १ नं कमी. ऑफिसात खुर्चीवर बसून फायबरवाल्याला फोन करायचा की रेडिओवाल्याला हे ह्या एका आकड्यावरून ठरतं. रेडिओच्या बाबतीत अजून एक, पोर्ट डाऊन होत नाही म्हणून राउटरला तुटल्याचं कळायला डेड टाइम (हॅलो न आल्यावर शेजारी गेला असं धरायची मुदत) लागतो, डिफॉल्ट ४० सेकंद, तोपर्यंत टेबलमध्ये रूट असतो आणि पॅकेट वाया जातात, लोक म्हणतात रूट दिसतोय पण पिंग नाही.

लाईट. आपल्याकडं हा विषय टाळून चालत नाही. लाईट गेली, यूपीएसची बॅटरी बसलेली, राउटर बंद झाला. त्याची एंट्री सगळ्यांच्या डेटाबेसमध्ये तशीच पडून राहते, एज ३६०० होईपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त एक तास. लोक ही एंट्री बघून गोंधळतात की राउटर तर बंद आहे मग हा इथं कसा. काही बिघडत नाही, शेजाऱ्यांनी आपल्या चिठ्ठीतून त्याचं नाव काढलेलं असतं, दोन्ही बाजूंची कबुली नाही, त्यामुळं नकाशात तो येतच नाही. मग लाईट आली, राउटर चालू झाला, तो ८००००००१ पासून सुरुवात करतो पण शेजाऱ्याकडं त्याचीच जुनी मोठ्या नंबरची एंट्री असते, ती त्याला परत मिळते आणि तो तिच्या पुढचा नंबर घेतो. म्हणून सिक्वेन्स नंबरवरून राउटर किती दिवस चालू आहे हे काढायला जाऊ नका, ते अपटाइममध्ये बघा.

पण लाईट जाऊन आल्यावर जर एकाच जागेच्या दोन एंट्री दिसल्या, एक जुनी एज वाढत चाललेली आणि एक नवीन वेगळ्याच आयडीची, तर समजा राउटर आयडी हातानं दिलेलाच नाही. सिस्को हातानं दिलेला नसेल तर सगळ्यात मोठा लूपबॅक आयपी घेतो, लूपबॅक नसेल तर चालू इंटरफेसमधला सगळ्यात मोठा आयपी. चालू हा शब्द बघा. लाईट आली तेव्हा एक पोर्ट आधी उठला, मागच्या वेळी दुसरा उठला होता, आयडी बदलला. आणि सगळ्या राउटरवर फॅक्टरीतून एकच लॅन आयपी येत असेल आणि कुणी तो काढला नसेल तर आपोआप निवडताना दोघांनी तोच निवडायची शक्यता पण आहेच, म्हणजे परत वरचंच भांडण.

३६०० वर अडकून बसलेली एंट्री दिसली तर तिच्याकडं नको, नेबरकडं बघा. मालकानं एंट्री मागं घेतली की ती ३६०० एजनं सगळीकडं फिरते आणि सगळ्यांनी पोच दिली की पुसली जाते. कुणी नेबर एक्स्चेंज किंवा लोडिंगमध्ये (फुल व्हायच्या आधीच्या पायऱ्यांवर) लटकला असेल, किंवा पोच देत नसेल, तर पुसता येत नाही. एक्सस्टार्ट-एक्स्चेंजमध्ये लटकणं म्हणजे बहुतेक एमटीयू (पॅकेटचा सगळ्यात मोठा आकार) जुळत नाही, रेडिओ आणि टनेल मधे असले की हे फार होतं.

मग सगळ्यात फसवा प्रकार: एंट्री आहे, एज शांत, सिक्वेन्स शांत, नेबर फुल, तरी रूट नाही. कधीच नाही, येणं-जाणं पण नाही. इथं लिंकच्या दोन टोकांना नेटवर्क टाइप वेगळा आहे का बघा, एकीकडं पॉइंट टू पॉइंट, दुसरीकडं ब्रॉडकास्ट (लॅनसारखा, अनेक राउटर असू शकतील असा). दोन्हींचा हॅलो १० आणि डेड ४० असल्यामुळं नेबर बिनतक्रार फुल होतो. पण चिठ्ठ्या जुळत नाहीत. शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर आणि पुढं राउटर आयडी देऊन दोन्ही टोकांच्या एंट्री उघडा: एक म्हणतो माझी लिंक दुसऱ्या राउटरला, दुसरा म्हणतो माझी लिंक ट्रान्झिट नेटवर्कला. एकाच तारेबद्दल दोघांचं म्हणणं वेगळं, मग जोडणी धरली जात नाही. सिस्को तर त्या एंट्रीच्या वरच लिहितो की जाहिरात करणारा राउटर नॉट रीचेबल आहे. ती ओळ दिसली की तिथंच थांबा, पुढं वाचायची गरज नाही, दोन्ही टोकांचा टाइप सारखा करा.

ओएसपीएफच्या बाहेरून आणलेल्या रूटचं थोडक्यात: त्या रूटची चिठ्ठी म्हणजे टाइप ५ एंट्री डेटाबेसमध्ये असून टेबलमध्ये नसेल तर तिच्यातला फॉरवर्डिंग अ‍ॅड्रेस (पॅकेट कुठल्या आयपीकडं द्यायचं ते) बघा, तो शून्य नसेल तर त्या आयपीला ओएसपीएफमधूनच रस्ता लागतो, स्टॅटिक रूट असून भागत नाही. आणि आणणारा राउटर दुसऱ्या एरियात असेल तर त्याची टाइप ४ एंट्री (त्या राउटरपर्यंतचा रस्ता सांगणारी) आहे का तेही.

मोठ्या नेटवर्कवर सगळ्या ओळी डोळ्यांनी जुळवत बसणं शक्य नाही. सिस्कोवर नुसतं शो आयपी ओएसपीएफ मारलं की प्रत्येक एरियाखाली एलएसएची संख्या आणि चेकसमची (एंट्रीच्या मजकुरावरून काढलेल्या तपासणी-आकड्यांची) बेरीज येते. एकाच एरियातल्या दोन राउटरवर हे दोन्ही आकडे एकाच वेळी बघा, सारखे आले तर डेटाबेस सारखा आहे असं धरून पुढं जा. वेगळे येत राहिले तर त्या दोघांच्या मधे कुठंतरी चिठ्ठी अडकतेय किंवा कुणीतरी सारखी लिहितंय.

आणि बॅकअप रिस्टोर करून नवीन जागा बसवणाऱ्यांसाठी, तुम्ही ते करणार, करा. फक्त बॅकअपची एक वेगळी प्रत ठेवा ज्यात राउटर आयडी आणि लूपबॅकची ओळ मुद्दाम रिकामी ठेवलेली असेल, म्हणजे ती भरायची आठवण राहील. आयडी हातानंच द्या. एका वहीत किंवा शीटमध्ये जागेचं नाव, राउटर आयडी आणि अपेक्षित लिंक काउंट असे तीन रकाने करा, नवीन जागा बसवून झाल्यावर ऑफिसच्या राउटरवर डेटाबेस उघडा, ओळी मोजा, वहीशी जुळवा, अर्ध्या तासानं परत एकदा उघडून नवीन ओळीचा सिक्वेन्स एक-दोननंच वाढलाय ना ते बघा, आणि मग तिथून निघा.